ताज्या संत्र्याच्या रसाची जेली घरी कशी करावी: चायना ग्रासची पद्धत

जेली करायची म्हटले की बहुतेक घरांत बाजारातील रंगीत पाकीट आणले जाते, ते उकळत्या पाण्यात ढवळले जाते आणि तयार झालेल्या पदार्थाला संत्र्याचे किंवा स्ट्रॉबेरीचे नाव दिले जाते. प्रत्यक्षात ती चव बहुधा फळाची नसून वरून घातलेल्या स्वादाची असते. खऱ्या रसाची जेली करणे त्याहून फारसे अवघड नाही आणि एकदा तिची चव घेतली की पाकिटाकडे पुन्हा वळावेसे वाटत नाही. या लेखात नागपुरी संत्र्याचा रस, द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे घेऊन पाच लहान वाट्या भरतील इतकी, म्हणजे सुमारे अर्धा लिटर जेली करण्याची पद्धत दिली आहे. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने या जेलीसाठी विशेष सोयीचे आहेत, कारण मृग बहाराची संत्री आणि नाशिककडची द्राक्षे या काळात एकाच वेळी बाजारात असतात.

स्वयंपाकाची फारशी सवय नसलेल्या वाचकाने आधीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही जेली बिघडते तेव्हा ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडते: जेली गोठवणारे चायना ग्रास पाण्यात पूर्णपणे विरघळण्याआधीच त्यात साखर, रस किंवा लिंबू पडलेले असते. पुढील सर्व कृती या एका क्रमाभोवती रचलेली आहे, म्हणून तो क्रम बदलू नये.

जिलेटिन न घेता चायना ग्रास का

जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडीतील आणि हाडांतील प्रथिनापासून तयार होते, त्यामुळे शाकाहारी घरांत ते चालत नाही. चायना ग्रास, म्हणजेच आगर-आगर, लाल रंगाच्या समुद्री शेवाळापासून मिळते. आपल्याकडे तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मन्नारच्या आखातातून हे शेवाळ गोळा केले जाते आणि ते काम मुख्यत्वे तेथील स्त्रिया करतात. शाकाहाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आपल्या हवामानासाठी चायना ग्रासच अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिलेटिनची जेली साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला वितळू लागते. म्हणजे एप्रिलमध्ये नागपुरात किंवा जळगावात ती फ्रीजमधून काढून पंगतीत वाढेपर्यंत तिचे पाणी होण्याची शक्यता असते. चायना ग्रासची जेली ३५ ते ४० अंशांच्या आसपास गोठते, पण एकदा गोठली की सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. गोठण्याच्या आणि वितळण्याच्या तापमानांतील हे मोठे अंतर हाच तिचा सर्वांत उपयोगी गुण आहे.

याच गुणामुळे घरगुती जेलीतील हा पदार्थ जीवाणूशास्त्राच्या प्रयोगशाळांत पोहोचला. १८८१-८२ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे हे जिलेटिनवर जीवाणू वाढवत असत आणि उन्हाळ्यात ते जिलेटिन वितळून जात असे. काही जीवाणू तर ते पचवूनही टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना आगर-आगर वापरत असत, आणि जावामध्ये राहून आलेल्या परिचितांकडून त्यांना ते ठाऊक झाले होते. त्यांनी ते सुचवले आणि तेव्हापासून आजपर्यंत जगभरातील प्रयोगशाळांत जीवाणू वाढवण्यासाठी आगरच वापरले जाते.

साहित्य आणि मापे

नागपुरी संत्री मध्यम आकाराची पाच-सहा घ्यावीत, त्यांतून साधारण २५० मिलिलिटर रस निघतो. त्याखेरीज २५० मिलिलिटर पाणी, चार मोठे चमचे म्हणजे ५० ते ६० ग्रॅम साखर, एक लहान चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, मूठभर बिनबियांची द्राक्षे आणि तेवढेच डाळिंबाचे दाणे लागतील.

चायना ग्रास दोन रूपांत मिळते. किराणा दुकानांत पांढरट, चुरचुरीत पट्ट्यांची किंवा धाग्यांची १० ग्रॅमची पाकिटे असतात, आणि मोठ्या दुकानांत किंवा केकचे साहित्य विकणाऱ्यांकडे त्याची पूड मिळते. अर्धा लिटर जेलीसाठी पट्ट्या ५ ते ६ ग्रॅम घ्याव्यात, तर पूड ४ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट लहान चमचे पुरते. पूड पट्ट्यांपेक्षा अधिक जोरदार असते, म्हणून एकीचे माप दुसरीला लावू नये. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या पुडीचा जोर सारखा नसतो. म्हणून पाकिटावर दिलेले प्रमाण वाचावे आणि पहिल्या वेळी त्याला धरूनच करावे. घरात ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा असेल तर तो इथे अवश्य वापरावा, कारण चमच्याने मोजलेल्या पुडीत थोडाही फरक पडला तरी जेली एकतर रबरासारखी चिवट होते किंवा वाटीतच लिबलिबत राहते. पट्ट्यांसाठी काटा नसेल तर १० ग्रॅमचे पाकीट उघडून त्याचे निम्मे भाग करावेत.

पाकिटावरील चिन्हही पाहावे. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. तयार जेलीच्या पाकिटावर घटकांच्या यादीत कधी कधी केवळ आकडा असतो: ४०६ म्हणजे आगर आणि ४०७ म्हणजे कॅरागीनन. दोन्ही समुद्री शेवाळापासूनच मिळतात. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे आकडे विशेष उपयोगी पडतील, कारण तेथील बहुतेक साध्या जेलीत जिलेटिन असते आणि पाकिटावर आपल्याकडचे हिरवे चिन्ह नसते.

रस काढणे

संत्री सोलून फोडी सुट्या कराव्यात, त्यांवरील पांढऱ्या शिरा शक्य तितक्या काढाव्यात आणि प्रत्येक फोडीतील बिया काढून टाकाव्यात. मग गाळणीत फोडी ठेवून पळीच्या मागच्या बाजूने दाबून रस काढावा. हाताने फिरवायचे रसयंत्र असेल तर तेही चालते, पण मिक्सर शक्यतो टाळावा. मिक्सरच्या पात्यांनी एखादी राहिलेली बी फुटली, किंवा पापुद्रे आणि शिरा बारीक वाटल्या गेल्या, तर रसाला कडवटपणा येतो. तो कडवटपणा साखर वाढवून झाकता येत नाही.

संत्र्याच्या रसाची आणखी एक खोड आहे. ताजा काढलेला रस गोड लागतो, पण तो बराच वेळ ठेवला किंवा तापवला की हळूहळू कडसर होऊ लागतो, कारण फळातील एक बिनकडू द्रव्य रसाच्या आंबटपणामुळे कडू द्रव्यात रूपांतरित होते आणि उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. म्हणून रस आदल्या रात्री काढून ठेवू नये आणि कोणत्याही परिस्थितीत तो गॅसवर उकळू नये. चायना ग्रास भिजत असतानाच रस काढणे सर्वांत बरे.

काढलेला रस मोजून घ्यावा. २५० मिलिलिटरपेक्षा थोडा कमी भरला तर तेवढे पाणी घालून माप पुरे करावे. एकूण द्रव वाढला की जेली सैल पडते, त्यामुळे मोजपात्राची शिस्त इथे पाळावीच लागते. हा रस फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरच झाकून ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

चायना ग्रास विरघळवणे

पट्ट्या असतील तर त्या कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापाव्यात आणि भरपूर साध्या पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. त्या मऊ आणि पारदर्शक दिसू लागल्या की पाणी ओतून द्यावे, पट्ट्या हाताने पिळाव्यात आणि जाड बुडाच्या पातेल्यात मोजलेल्या २५० मिलिलिटर पाण्यात घालाव्यात. पूड असेल तर ती थेट गरम पाण्यात कधीही टाकू नये, कारण तिच्या बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. पूड थंड पाण्यात शिंपडून ढवळावी, पाच ते दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि मगच पातेले गॅसवर चढवावे.

आता मध्यम आचेवर, सतत ढवळत, पाण्याला उकळी येऊ द्यावी आणि उकळी आल्यावर आच मंद करावी. नवशिक्यांकडून घाई होते ती इथेच. पाणी उकळू लागले, पट्ट्या दिसेनाशा झाल्या, म्हणजे काम झाले असे वाटते. पण दिसेनासे होणे आणि विरघळणे यांत फरक आहे. चायना ग्रास पाण्यात खऱ्या अर्थाने विरघळण्यासाठी उकळत्या पाण्याइतकीच उष्णता लागते आणि ती काही काळ टिकावी लागते. पुडीला मंद उकळीवर तीन ते पाच मिनिटे पुरतात, पट्ट्यांना आठ ते दहा मिनिटे द्यावीत. झाले की नाही हे पाहण्यासाठी स्टीलचा चमचा पातेल्यात बुडवून वर उचलावा आणि उजेडासमोर धरावा: चमच्यावरचा थर अगदी स्वच्छ, एकसारखा दिसला पाहिजे. बारीक कण किंवा पारदर्शक धागे दिसले तर अजून दोन-तीन मिनिटे उकळावे. हेच कण पुढे जेलीत दाताखाली येतात, आणि जे विरघळलेच नाहीत ते जेली गोठवण्याच्या कामातही आलेले नसतात.

साखर या टप्प्यानंतरच घालावी. साखर पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे ती आधी पडली तर चायना ग्रासला विरघळायला हवे तेवढे मोकळे पाणी मिळत नाही. एकदा ते पूर्ण विरघळले की साखर घालण्यास काहीच हरकत नाही. उलट तिच्यामुळे जेली अधिक पारदर्शक आणि घट्ट होते. साखर विरघळेपर्यंत आणखी एखादे मिनिट उकळून मीठ घालावे. लिंबाचा रस मात्र या उकळीत घालू नये, कारण आंबटपणा आणि उकळती उष्णता एकत्र आली की चायना ग्रासचे लांब रेणू तुटतात आणि त्याचा गोठवण्याचा जोर कमी होतो.

इतका वेळ उकळताना पाण्याची वाफ होऊन गेलेली असते. म्हणून हे मिश्रण बारीक गाळणीने मोजपात्रात गाळावे आणि गॅसवर अगोदरच तापत ठेवलेले उकळते पाणी वरून घालून माप भरावे. विरघळलेल्या साखरेमुळे द्रव थोडा वाढतो, म्हणून इथे माप २८० मिलिलिटर धरावे. मोजलेले मिश्रण लगेच पातेल्यात परत ओतून एकदा गरम करावे.

रस मिसळणे आणि चाचणी

पातेले गॅसवरून उतरवावे, उकळी शमेपर्यंत एखादे मिनिट थांबावे आणि मग संत्र्याचा रस बारीक धारेने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. गरम मिश्रण रसात ओतण्याऐवजी रस गरम मिश्रणात ओतणे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे पातेल्यातील बहुतांश द्रव शेवटपर्यंत पुरेसा गरम राहतो. रस साध्या तापमानाचा असेल तर एकत्रित मिश्रण साधारण ६० अंशांच्या आसपास राहते आणि ते व्यवस्थित एकजीव होते. रस फ्रीजमधला असेल तर तो जिथे पडतो तिथले चायना ग्रास क्षणात गोठते आणि मिश्रणात दोऱ्या व गुठळ्या दिसू लागतात. रस थंड असेलच तर त्याचे भांडे गरम पाण्याच्या ताटात ठेवून तो कोमट करून घ्यावा. सर्वांत शेवटी लिंबाचा रस घालून चव पाहावी. थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते, म्हणून गरम असताना मिश्रण आवडीपेक्षा किंचित अधिक गोड लागले पाहिजे.

वाट्यांत ओतण्यापूर्वी एक छोटी चाचणी घ्यावी. एक चमचा मिश्रण थंड स्टीलच्या ताटलीत टाकावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. तोवर पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवावे. ताटलीतला थर बोटाने ढकलला असता अखंड सरकला तर प्रमाण बरोबर आहे. तो पसरला तर अर्धा लहान चमचा पूड पाव वाटी पाण्यात वेगळी उकळून, पूर्ण विरघळवून, गरम असतानाच पातेल्यात मिसळावी. फार घट्ट वाटला तर दोन-तीन चमचे कोमट पाणी किंवा रस वाढवावा. गोठल्यानंतर दुरुस्ती करायची म्हणजे सगळी जेली पुन्हा ८५ अंशांच्या वर तापवावी लागते आणि त्यात रसाचा ताजेपणा जातो, म्हणून ही दोन मिनिटे वाचवू नयेत.

वाट्यांत ओतणे आणि फळे घालणे

स्टीलच्या किंवा काचेच्या वाट्या थंड पाण्याने विसळून, न पुसता घ्याव्यात. तूप किंवा तेल लावण्याची गरज नाही. द्राक्षे अर्धी कापावीत आणि सगळी फळे स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडी करावीत, कारण फळाभोवती पाणी राहिले तर तिथे जेली धरत नाही.

सगळी फळे एकदम टाकली तर डाळिंबाचे दाणे तळाशी बसतात. ती सर्वत्र विखुरलेली हवी असतील तर प्रत्येक वाटीत आधी एक तृतीयांश मिश्रण ओतावे, वरच्या थराला बोट लावल्यावर ते किंचित चिकटेल इतपत धरू द्यावे, त्यावर फळे मांडावीत आणि उरलेले गरम मिश्रण पळीने हळूच सोडावे. चायना ग्रास फ्रीजशिवायही काही मिनिटांत गोठू लागते, त्यामुळे इथे वाट्यांजवळून हलू नये. पहिला थर पूर्ण गोठून गुळगुळीत झाला किंवा दुसरा थर कोमट झाला तर दोन्ही एकमेकांना धरत नाहीत आणि जेली ताटलीत काढताना मधूनच सरकते. वर आलेला फेस चमच्याने काढून टाकावा.

अननस, पपई आणि किवी ही फळे जिलेटिनच्या जेलीत कच्ची घालता येत नाहीत, कारण त्यांतील विकरे प्रथिने तोडतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. चायना ग्रास प्रथिन नसल्याने ही अडचण येत नाही. अननसाचा किंवा कोकमाचा आंबट रस वापरायचा असेल तर मात्र चायना ग्रास पाव भागाने वाढवावे. हापूसचा आमरस मुळातच दाट असतो, त्यामुळे त्याला थोडे कमी पुरते. कलिंगड आणि चिरलेली स्ट्रॉबेरी यांना पाणी सुटते, म्हणून ती आत न घालता वाढताना वरून घालावीत.

वाट्या ओट्यावर निवू द्याव्यात आणि मग झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. काढताना कडेने सुरीचे टोक फिरवून वाटी ताटलीवर उपडी करावी. जेली अलगद सुटते.

ज्यांना जिलेटिनच वापरायचे आहे

मांसाहार चालणाऱ्या घरांत मऊ, तोंडात विरघळणारी जेली हवी असेल तर जिलेटिन घ्यावे. तो पोत चायना ग्रासला येत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याची रीत मात्र जवळजवळ उलटी आहे. अर्ध्या लिटरसाठी १० ग्रॅम जिलेटिन चार मोठे चमचे थंड पाण्यावर शिंपडून दहा मिनिटे फुगू द्यावे, उरलेले पाणी साखर घालून चांगले गरम करावे, गॅस बंद करून त्यात जिलेटिन ढवळून विरघळवावे आणि मग रस मिसळावा. जिलेटिन उकळू नये, त्याने त्याचा जोर घटतो. ही जेली ओट्यावर गोठत नाही. तिला फ्रीजमध्ये किमान चार तास लागतात, आणि वाटी काढण्यापूर्वी क्षणभर कोमट पाण्यात धरावी लागते.

साठवण

चायना ग्रासची जेली फ्रीजमध्ये झाकून ठेवली तर दोन दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी वाटीत थोडे पाणी सुटलेले दिसेल. ते बिघडल्याचे लक्षण नाही, ओतून द्यावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र ती ठेवू नये, कारण गोठून वितळल्यावर तिच्यातील सगळे पाणी वेगळे होते. जपानमध्ये थंडीच्या दिवसांत चायना ग्रासच्या कोरड्या पट्ट्या याच तत्त्वाने तयार केल्या जात आल्या आहेत. लहान मुलांना देताना जेली आणि आतली द्राक्षे दोन्ही बारीक कापून द्यावीत. शाळेच्या डब्यात ती वितळत नाही हे खरे असले तरी आत ताजा रस आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा अधिक वेळ फ्रीजबाहेर राहणार असेल तर ती डब्यात देऊ नये.